घर चालेल एवढा पगार द्यायचा कुठून? आधी पगार धरा, मग रेट काढा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतलं वडिलांचं फॅब्रिकेशनचं युनिट आता तुम्ही बघता, पंचवीस माणसं आहेत, सगळ्यांना मिनिमम वेजच्या वर चार पैसे देता, पीएफ-ईएसआयसी (कामगार विमा) वेळेवर भरता, आणि तरी तुमचा एक हेल्पर पोरगा म्हणाला की भाऊ, एवढ्यात घर नाही चालून राहिलं. आणि तुमचं म्हणणं असं की मी कामाचे पैसे देतो, एमआयडीसीत जो रेट चालू आहे तो देतो, त्याच्या घरात खाणारी तोंडं किती हे बघणं माझं काम आहे का? आणि त्या पोराला सांगू काय?

पहिले एक गोष्ट सांगून ठेवतो. पगारपत्रक, पीएफ, ईएसआयसी, लेबर ऑफिसच्या नोटिसा हे माझं पोटाचं काम, आणि माझी फी मालक लोकच देतात, कामगार नाही. त्यामुळे हा माणूस युनियनचा झेंडा घेऊन आला असं समजू नका. माझं उत्तर तरी पण हो असंच आहे, घर चालेल एवढा पगार द्यायला पाहिजे. फक्त "द्यायला पाहिजे" म्हणून लोक मोकळे होतात, कुठून द्यायचा ते कोणी सांगत नाही, आणि मालकाचं डोकं तिथेच फिरतं.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. १९४८ साली सरकारने फेअर वेज कमिटी नेमली होती, तिने पगाराच्या तीन पायऱ्या पाडल्या, सगळ्यात खाली मिनिमम वेज म्हणजे किमान पगार, मधे फेअर वेज म्हणजे रास्त पगार, वर लिव्हिंग वेज म्हणजे घर नीट चालेल एवढा पगार. खालच्या पायरीबद्दल कोर्टाने कधीच दया दाखवलेली नाही. १९५७ च्या क्राऊन ॲल्युमिनियमच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जो उद्योग कामगाराला किमान जगण्यापुरतं देऊ शकत नाही त्याला चालू राहायचा हक्क नाही, १९६१ च्या उनिचोयी केसमध्ये सांगितलं की मिनिमम वेजला मालकाची ऐपत हा मुद्दाच येत नाही, आणि १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या केसमध्ये तर मिनिमम वेजपेक्षा कमी देणं म्हणजे वेठबिगारी, संविधानाच्या कलम २३ चा भंग, इथपर्यंत कोर्ट गेलं. म्हणजे मिनिमम वेज परवडत नाही हे वाक्य लेबर ऑफिसात जाऊन बोलूच नका. वरची पायरी, लिव्हिंग वेज, ती कलम ४३ मध्ये आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व, त्यावरून तुमच्यावर कोणी केस टाकू शकत नाही. मधल्या पायरीला उद्योगाची ऐपत बघतात, आणि ऐपत बघायची म्हटलं की बॅलन्स शीट टेबलावर ठेवावी लागते, ती ठेवायला कोणी तयार नसतं हा भाग वेगळा.

तुम्ही खालच्या पायरीच्या थोडे वर उभे आहात. कायद्याने सुटलात. पण पोरगा खोटं बोलून राहिला का? चला हिशेब करू.

मिनिमम वेज कशी काढायची याचं गणित १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत ठरलं. कमावणारा एक, घरात नवरा-बायको आणि दोन पोरं, खाण्याच्या हिशेबाने असं तीन युनिटचं कुटुंब (बायको-पोरांना एकापेक्षा कमी धरून), दर युनिटला २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, सरकारी औद्योगिक घरकुल योजनेचं भाडं आणि इंधन-दिवाबत्ती-किरकोळला एकूण मजुरीच्या २० टक्के. यात शाळा नाही, दवाखाना नाही, सणवार नाही, म्हातारपण नाही. ते यायला १९९१ उजाडलं, रेप्टाकोस ब्रेटच्या निकालात सुप्रीम कोर्टाने शिक्षण, औषधपाणी, सण, लग्नकार्य, म्हातारपण यासाठी आणखी २५ टक्के धरा म्हटलं. आणि लक्षात घ्या, हे सगळं मिनिमम वेजचंच गणित आहे, लिव्हिंग वेजचं नाही. २०१९ मध्ये सत्पथी समितीने पुन्हा हिशेब मांडला, कुटुंबाचे ३.६ युनिट धरले, कॅलरी २४०० वर आणल्या, तरी जुलै २०१८ च्या भावाने दिवसाला ३७५ रुपये निघाले, आणि केंद्राने त्या वर्षी देशाचा तळाचा दर १७६ वरून किती केला तर १७८. दोन रुपये वाढवले! म्हणजे कागदावरचं गणित आणि जाहीर होणारा आकडा यांची गाठ फार कमी वेळा पडते. म्हणून "मी मिनिमम वेज देतो" म्हणजे "मी पोटापुरतं देतो" असं होत नाही. वरून जानेवारी आणि जुलैत महागाईच्या आकड्यावर विशेष भत्ता तेवढा बदलतो, बेसिकचा मुळातून विचार व्हायला वर्षानुवर्षं जातात.

आता तुमच्या हेल्परचं घर. आकडे ढोबळ आहेत, कोणाचे पाचशे इकडचे तिकडे होतील. हिंगणा रोडच्या आतल्या वस्तीत एक खोली-किचन आणि लाइट बिल मिळून साडेचार हजार. किराणा, तेल, डाळ, भाजी, दूध, महिन्यातून एखाद्या रविवारी अर्धा किलो चिकन, साडेसात हजार, आणि हे रेशनचे तांदूळ-गहू घरात येतात असं धरून. सिलिंडर नऊशे. गाडीचं पेट्रोल दोन हजार, कारण पहिल्या शिफ्टला वेळेवर सोडेल अशी बस त्याच्या वस्तीतून नाही. दोन पोरांची शाळा, व्हॅन, ट्यूशन मिळून दोन हजार. दोन मोबाइलचे रिचार्ज सहाशे. दवाखाना आणि गावी आईबापाला पाठवायचे दीड हजार. कपडे, सण, लग्नातला आहेर वर्षाचा काढून बाराने भागला की दीड हजार. बेरीज करा, साडेवीस हजार होते. यात बचत शून्य, दारू आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा शून्य. (मालक लोक पहिले खर्राच काढतात म्हणून सांगून ठेवलं.)

आणि त्याला देता किती? ग्रॉस १४,००० धरा. त्यातून पीएफ १,६८०, ईएसआयसी १०५, व्यवसाय कर २००. हातात १२,०१५.

आता तुमची बाजू, कारण ती पण खरी आहे. त्याच १४,००० वर तुमचा पीएफ ॲडमिन चार्जेससकट १३ टक्के म्हणजे १,८२०, ईएसआयसी सव्वातीन टक्के म्हणजे ४५५, बोनस ८.३३ टक्क्यांनी ११६६ च्या आसपास, ग्रॅच्युइटीची तरतूद केली, जी कोणी करत नाही पण करायला पाहिजे, तर पावणेसातशे. म्हणजे तुमच्या खिशातून अठरा हजारांच्या वर जातात आणि त्याच्या हातात बारा पडतात. तुम्ही म्हणता मी अठरा देतो, तो म्हणतो मला बारा मिळतात, आणि दोघंही खरं बोलून राहिले. मधले सहा हजार बहुतेक त्याचेच आहेत, पीएफ म्हातारपणी मिळेल, ईएसआयसीत बायकोचं बाळंतपण होईल, पण ते घरमालकाला भाडं म्हणून देता येत नाहीत ना.

तर बारा आणि साडेवीस. मधला खड्डा कसा भरतो? बायको चार घरची भांडी करते किंवा घरी बसून पिको-फॉल करते, तो रोज चार तास ओटी (ओव्हरटाइम) मारतो, मायक्रोफायनान्सचा हप्ता अंगावर घेतो, आणि सरकार टाकतं. जानेवारी २०२३ पासून रेशनचं धान्य फुकट आहे, जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे १,५०० येतात. मला मालक लोक सरळ म्हणतात, आता तर सरकार देऊन राहिलं, मग मी कायले वाढवू? माझं उत्तर त्यांना आवडत नाही. ते पैसे गरीब घरासाठी आहेत, तुमच्या कारखान्याची सबसिडी म्हणून नाहीत. आठ तास पूर्ण काम करणाऱ्या माणसाचं घर रेशनच्या रांगेशिवाय चालत नसेल तर तुमच्या पगारपत्रकाचा काही भाग बाकीचे लोक टॅक्समधून भरून राहिले, आणि टॅक्स जास्त म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडणारे पण आपणच.

तुमच्या कारखान्यात पगार पुरतो की नाही हे बघायला सर्व्हे लागत नाही. उचलीचं रजिस्टर उघडा. महिन्याच्या वीस तारखेच्या आत अर्ध्याच्या वर लोक उचल मागत असतील तर पगार पुरत नाहीये, संपला विषय. एखाददुसरा नेहमी मागतो तो त्याचा स्वभाव असेल, पण अर्धं शॉप मागत असेल तर तो स्वभाव नाही. दुसरं बघायचं ओटीचं रजिस्टर. ऑर्डर नसताना पण लोक ओटी द्या म्हणून सुपरवायझरच्या मागे फिरत असतील तर त्यांनी घराचं बजेट बारा तासांवर बसवलंय. आठ तासांत घर चाललं पाहिजे, बारा तासांत कोणाचंही चालतं. आणि ओटी डबलने द्यायचा असतो, ते किती ठिकाणी होतं हे मी इथे लिहीत नाही.

आता पैसे कुठून आणायचे. बहुतेक युनिटमध्ये कॉस्टिंग असं होतं: मोठ्या कंपनीचा परचेसवाला फोनवर टार्गेट रेट सांगतो, त्यातून स्टील वजा, वेल्डिंग वायर, गॅस, लाइट बिल वजा, बँकेचा हप्ता वजा, आपला मार्जिन वजा, आणि जे उरलं त्यात माणसं बसवायची. स्टीलवाला कमी करत नाही, महावितरण कमी करत नाही, बँक तर नाहीच. कमी होणारी एकच लाइन उरते, पगाराची. माझं म्हणणं एवढंच की ही लाइन शेवटून उचलून सगळ्यात वर ठेवा. स्टीलचा भाव वाढला की तुम्ही त्याच दिवशी परचेसला मेल टाकता, रेट रिव्हाइज करा म्हणून, आणि तो करतो पण. जुलैत विशेष भत्ता वाढला म्हणून कधी मेल टाकला का? बहुतेकांनी टाकलेला नसतो, गपचूप मार्जिनमधून सोसतात नाहीतर माणूस कमी करतात.

किती वाढेल ते पण बघा. पंचवीस जणांना ग्रॉसमध्ये तीन हजार वाढवले तर ७५,००० झाले, त्यावर पीएफ, ईएसआयसी, बोनस, ग्रॅच्युइटी धरून साधारण २९ टक्के, म्हणजे महिन्याला ९७,००० च्या आसपास. मटेरियल तुमचं असेल आणि महिन्याचं बिलिंग तीस लाखांचं असेल तर हे सव्वातीन टक्के पण नाही. शंभर रुपयांचा जॉब एकशे तीन-सव्वातीनला गेला. एवढं निगोशिएशनमध्ये मिळतं, नाही मिळालं तर थोडं मार्जिनमधून, थोडं रिजेक्शन कमी करून निघतं. पण मटेरियल पार्टीचं आणि तुम्ही फक्त लेबर जॉबवर्क करत असाल, बिलिंग दहा लाखांचं, तर तेच ९७,००० जवळपास दहा टक्के होतात, आणि दहा टक्के कोणी परचेसवाला देत नाही, शेजारच्या शेडमध्ये जाईन म्हणतो, आणि जातो पण. इथे मी मालकाला दोष देत नाही. एकट्या जॉबवर्कवाल्याने लिव्हिंग वेज देणं खरंच कठीण आहे, आणि जे लोक एसीत बसून "मालक नफेखोर आहेत" म्हणतात त्यांनी एकदा हिंगण्याच्या आतल्या गल्लीतल्या शेडमध्ये येऊन त्यांची पेमेंट सायकल बघावी, नव्वद दिवस, कधी एकशेवीस. अशा ठिकाणी रेट असोसिएशनमध्ये बसून सगळ्यांनी मिळून बोलला पाहिजे, की बाबा पगाराचा भाग एवढा, त्याखाली कोणी कोट करायचं नाही. मिटिंगमध्ये सगळे हो म्हणतात आणि बाहेर पार्किंगमध्ये जाऊन फोनवर कमी कोट करतात, हे मला माहीत आहे, तरी पण दुसरा रस्ता नाही.

सगळ्यात घाण प्रकार ठेकेदारीत आहे. हाऊसकीपिंग, गार्ड, लोडिंग, सरकारी ऑफिसातले ऑपरेटर. टेंडर सगळ्यात कमी दराला जातं, पगार तर ठरलेला, मग कमी काय करणार, सर्व्हिस चार्ज. तो इतका कमी टाकतात की ठेकेदाराचा चहा निघत नाही. मग तो खातो कुठून? कागदावर पगार पूर्ण, बँकेत जमा पूर्ण, आणि दुसऱ्या दिवशी मुकादम रोख परत घेतो, कुठे तर एटीएम कार्डच मुकादमाच्या खिशात. माझ्याकडे असा ठेकेदार आला की मी काम घेत नाही, पण ज्याने टेंडर काढलं त्या मुख्य मालकाला पण सोडत नाही, कारण ठेकेदाराने पगार बुडवला की जबाबदारी मुख्य मालकावर येते, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेलं आहे. सर्व्हिस चार्ज शून्याच्या जवळ दिसला की ती चोरी तुमच्या गेटच्या आत होणार हे समजून घ्यायचं. सीताबर्डी-इतवारीच्या दुकानांत रात्री नऊपर्यंत उभ्या राहणाऱ्या पोरींचं तर बोलायलाच नको, तिथे पगारपत्रकच नसतं.

तुम्ही म्हणाल एवढं करून मला काय मिळणार. याला नागपूरचंच जुनं उदाहरण आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, आणि सुरुवातीचं मोठं दुखणं होतं गैरहजेरी, लोक येतच नव्हते धड. टाटांनी शिक्षा वाढवली नाही, १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. देशात भरपाईचा कायदा आला १९२३ ला. मिल २००२ ला बंद पडली, त्याची कारणं वेगळी आहेत, पण कामगाराला सांभाळणारी मिल सव्वाशे वर्षं चालली एवढं तर दिसतं. टाटा दानधर्म करत होते असं मला वाटत नाही, त्यांना सकाळी मशीनवर माणूस पाहिजे होता.

तुम्हाला पण तोच पाहिजे. धानाच्या रोवणीला भंडारा-गोंदियाची पोरं गावी जातात, दिवाळीनंतर गावच्या मंडईच्या जत्रेला जातात, ते जाणारच, ते थांबवू नका. पण गेलेला परत येतो का, हे पगारावर ठरतं. पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून बुटीबोरीला गेलेला फिटर परत येत नाही, आणि त्याच्या जागी आलेला नवीन पोरगा पहिले काही आठवडे वायर जाळतो, जॉब वाकडा करतो, सुपरवायझरचा अर्धा दिवस खातो, पार्टी माल परत पाठवते. हा खर्च कुठल्याच खात्यात दिसत नाही म्हणून तो नाहीच असं आपण धरून चालतो. मागच्या वर्षी किती माणसं सोडून गेली, त्यांच्या जागी किती आली, आणि त्या महिन्यांतलं रिजेक्शन किती, हे तीन आकडे बाजूबाजूला लिहा. तुमचं युनिट मी बघितलेलं नाही, पण माझ्याकडच्या जुन्या पार्ट्यांमध्ये ज्यांचा हेल्परचा पगार आजूबाजूच्या शेडपेक्षा वर आहे त्यांच्या हजेरी रजिस्टरमध्ये नावं फार बदलत नाहीत.

सगळं एकदम करू नका, झेपणार नाही, आणि वाढवून मागे घेतलेला पगार न वाढवलेल्यापेक्षा वाईट. मी असतो तर दोन वर्षांत करायचं ठरवलं असतं. आधी खालच्या हेल्परांचा वाढवा, वरच्या फिटर-वेल्डरचा पुढच्या टप्प्यात, नाहीतर खालचा आणि वरचा एकाच पगारावर आले की वरचा फुगून बसतो. वाढ बेसिकमध्ये द्या, "कन्व्हेयन्स" आणि "वॉशिंग" असले अलाउन्स पाडून पीएफ वाचवायचा खेळ आता जुना झाला, २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेज कोड, म्हणजे पगाराचा नवा कायदा, लागू आहे आणि त्यात अलाउन्स एकूण पगाराच्या अर्ध्याच्या वर गेले की वरचा भाग पगारातच धरतात. माणसं पन्नास झाली की आपल्या राज्याच्या १९८३ च्या कायद्याने पाच टक्के घरभाडं पण द्यावं लागतं, १४,००० वर ७०० रुपये. ७०० मध्ये नागपुरात खोली सोडा, गाडी लावायला शेड मिळेल की नाही शंका आहे, पण कायदा आहे तर आहे. पगार सात तारखेच्या आत टाका. पंधरा तारखेला दिलेला पगार सावकाराच्या व्याजाने आधीच कापलेला असतो, आणि यात तुमचा एक रुपया जास्त जात नाही.

त्या पोराला काय सांगू, हे पण तुम्ही विचारलंय. त्याला हिशेब दाखवा, अठरा आणि बाराचा, कागदावर लिहून. त्याच्या घराचा पण विचारा, साडेवीस निघतात की अजून काही. लगेच देऊ शकत नसाल तर कधी देणार ती तारीख सांगा, आणि तारीख पाळा. बाकी "बघू" म्हणू नका, बघूचा अर्थ त्याला आपल्यापेक्षा चांगला कळतो.

आणि पुढच्या ऑर्डरचा रेट पाठवायच्या आधी कॉस्टिंग शीट मला दाखवा. त्यात ओटी सिंगलने धरलेला असणार आणि ग्रॅच्युइटीची लाइन नसणार, बहुतेक शीटमध्ये तसंच असतं, आणि ते दोन दुरुस्त केल्याशिवाय तुमचा खरा लेबर रेट किती हे तुम्हाला पण कळणार नाही आणि परचेसवाल्याला पण पटवता येणार नाही.